बांधणाराचें नांव

कल्याण सोडून कर्जतच्या रोखानें निघालेली आगगाडी अंबरनाथला थांबते, तेव्हां डब्यांतील बहुतेक उतारूंचें लक्ष चढणाऱ्या-उतरणाऱ्या गर्दीकडे असतें. त्या रुळांच्या पूर्वेस कांहीं अंतरावर, वालधुनी नदीच्या कांठीं, काळ्या पाषाणाचें एक शिवालय साडेनऊशें वर्षांहून अधिक काळ उभें आहे, याची आठवण फार थोड्यांना होत असेल. शिवालय अकराव्या शतकांतील, रूळ एकोणिसाव्या शतकांतील. एकाच गांवच्या शिवेंत मनुष्याच्या बांधकामकौशल्याचीं हीं दोन उदाहरणें नांदत आहेत, आणि दोन्हीं मिळून एकच प्रश्न विचारीत आहेत. जें बांधलें जातें, त्याच्याशीं नांव कोणाचें जोडावें? ज्यानें द्रव्य दिलें त्याचें, ज्यानें योजना आंखली त्याचें, कीं ज्यानें दगडावर दगड ठेवला त्याचें?

आज हा प्रश्न पुरस्कारांच्या रूपानें पुढें येतो. एखादा पूल, एखादें धरण, एखादी पाणीपुरवठ्याची योजना उत्तम वठली, तर त्या कामाचा आणि तें करणाराचा जाहीर गौरव करण्याची पद्धत आतां सर्व देशांत रूढ झाली आहे. तिचें एक उगमस्थान लंडन येथील ‘इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल एंजिनिअर्स’ ही संस्था होय. ती १८१८ सालीं स्थापन झाली. रस्ते, कालवे आणि पूल बांधणारा टॉमस टेलफर्ड हा तिचा पहिला अध्यक्ष. टेलफर्ड हा मेंढपाळाचा मुलगा. गवंड्याच्या हाताखालीं उमेदवारी करीत करीत तो वर आला होता. १८३४ सालीं तो वारला, तेव्हां त्यानें आपल्या मिळकतीचा कांहीं भाग संस्थेच्या स्वाधीन केला आणि त्यांतून पारितोषिकें देण्याचा प्रघात पडला. त्या संस्थेच्या प्रांतोप्रांतींच्या शाखा आज आपापल्या भागांतील बांधकामांचा आणि बांधणारांचा दरसाल गौरव करतात. परंतु बांधणाराचें नांव राखावें ही इच्छा कांहीं परदेशांतून आलेली नाहीं. आपल्या सह्याद्रीच्या दगडावर ती त्याच्या कितीतरी आधीं कोरलेली आढळते, आणि कित्येक ठिकाणीं तिचा अभावहि तितकाच स्पष्ट दिसतो.

अंबरनाथचेंच देऊळ घेतां येईल. मंडपांतून गाभाऱ्याकडे जाणारा मनुष्य पायऱ्या उतरून खालीं जातो, कारण गाभाऱ्याची जमीन मंडपापेक्षां बरीच खोल आहे. वर पाहावें तों शिखराचा माथा अपुरा, आणि आंत मोकळें आकाश. मंडपाच्या मध्यभागीं चार खांबांवर तोललेलें कोरीव छत आहे. त्या काळच्या आपल्या स्थपतींना वर्तुळाकार छत उभारावयाचें असे, तेव्हां खऱ्या कमानीचा उपयोग न करतां ते दगडांचे थर एकावर एक किंचित् पुढें सरकवीत नेत, आणि शेवटचा थर मधल्या पोकळीवर येऊन टेके. प्रत्येक दगडाचा भार मागच्या बाजूस पुरेसा राहील, तरच असें छत टिकतें. बाहेरच्या भिंती सरळ नसून ठिकठिकाणीं पुढें-मागें झालेल्या कोनांनीं खेळत गेलेल्या आहेत. त्यामुळें दिवसभर प्रकाश आणि छाया यांचा पट तेथें बदलत राहतो. हें सारें केवळ भक्तीनें होत नाहीं. त्याला मोजमाप लागतें, दगडाची पारख लागते, आणि चूक झाल्यास काय कोसळेल हें आधीं जाणणारी बुद्धि लागते.

या देवळाच्या उत्तरेकडील दारावरच्या तुळईवर एक संस्कृत लेख कोरलेला आहे. एकोणिसाव्या शतकांत डॉक्टर भाऊ दाजी यांनीं तो प्रथम वाचला, तेव्हां त्यांतील शकाचा आंकडा त्यांना ७८२ असा वाटला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो पुन्हां तपासून ९८२ असा ठरविला. एका आंकड्याच्या वाचनानें देवळाचें वय दोनशें वर्षांनीं कमी झालें. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६०. श्रावण शुद्ध नवमीचा तो दिवस. त्या वेळीं उत्तर कोंकणावर शिलाहार घराण्यांतील मांवाणि ऊर्फ मुम्मुणि हा महामंडलेश्वर राज्य करीत होता, आणि त्याचा वडील भाऊ छित्तराज याच्या नांवाचें ‘भवन’ सिद्धीस गेल्याची नोंद लेखांत आहे.

लेख लहानच आहे. तरी त्यांत राजाच्या पदव्या आहेत, त्याच्या अमात्यांचीं आणि इतर अधिकाऱ्यांचीं नांवें आहेत. राज्याचा कारभार कोणाच्या हातीं होता, हें त्यावरून समजतें. नाहीं तें एवढेंच, कीं ज्यानें त्या छताचा भार मनांत तोलला, किंवा ज्यानें भिंतींवरील आकृति दगडांतून बाहेर काढल्या, त्याचा त्यांत उल्लेख नाहीं. शिल्पी म्हणून ओळखतां येईल असें एकहि नांव त्या ओळींत सांपडत नाहीं. लोकांनीं ही उणीव आपल्या परीनें भरून काढली. हें देऊळ पांडवांनीं एका रात्रींत बांधलें, आणि उजाडल्यामुळें शिखर अपुरें राहिलें, अशी कथा पिढ्यानुपिढ्या सांगितली जाते. कथा मोठी गोड आहे. परंतु राजलेखानें ज्याला गाळलें, त्याला दंतकथेनेंहि गाळलें. लेखानें श्रेय राजाला दिलें, कथेनें तें पांडवांना दिलें. गवंडी दोन्हीकडून बाहेरच राहिला.

त्या काळीं कारागिराचें नांव कोरण्याची पद्धतच नव्हती, असें म्हणून समाधान करून घेतां येत नाहीं. अंबरनाथहून निघणारी हीच वाट पुढें बोरघाट चढून गेली, म्हणजे कार्ल्याचीं लेणीं लागतात. तेथील भव्य चैत्यगृह सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचें. त्याच्या दाराजवळ ब्राह्मी लिपींत एक अगदीं लहान लेख आहे. धेनुकाकट गांवचा सुतार सामि, वेणुवासाचा पुत्र, यानें या घराचें मुख म्हणजे दार केलें, असा त्याचा आशय. कार्ल्याच्या भिंतींवर व्यापाऱ्यांचीं, भिक्षूंचीं, राजपुरुषांचीं आणि दूरदेशच्या यवनांचींहि नांवें आहेत. त्या सर्वांच्या पंक्तींत हा सुतार आपल्या बापाच्या आणि गांवाच्या नांवासह बसला आहे. त्याला पंक्तींतून उठविण्याचें कोणाला सुचलें नाहीं, आणि म्हणूनच आज त्याचा आपल्याला परिचय आहे.

दुसरें उदाहरण प्रत्येक मराठी घराला ठाऊक असलेलें. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या एका पायरीवर हिरोजी इंदुलकर याचें नांव आहे, आणि सेवेच्या ठायीं आपण सदैव तत्पर आहों एवढेंच त्याच्याबरोबर लिहिलें आहे. गडावरील इमारतींचें काम ज्याच्या देखरेखीखालीं झालें, त्यानें आपल्या नांवासाठीं पायरीची जागा पत्करली. १६७४ सालीं ज्या गडावर राज्याभिषेक झाला, त्या गडाच्या कर्त्याचा गौरव येवढ्या थोड्या अक्षरांत सामावलेला आहे. पण तो आहे. ज्यानें बांधलें त्याला नांव कोरूं देण्यांत राजाचें मोठेपण कमी झालें नाहीं, हें त्या पायरीवरून दिसून येतें.

आतां पुन्हां अंबरनाथच्या रुळांकडे वळावें. ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे’ची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास गेली. पुढच्या वर्षीं रूळ खाडी ओलांडून कल्याणास पोंचले, आणि १८५६ सालीं कल्याणहून अंबरनाथ-बदलापुराच्या शिवारांतून घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीपर्यंत गाडी धांवूं लागली. १८५८ सालीं घाटमाथ्यावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्गहि सुरू झाला. मधला बोरघाट मात्र तसाच राहिला. उतारूंना पायथ्याशीं गाडी सोडावी लागे. पालखींतून, तट्टावरून किंवा बैलगाडींतून घाट चढावा लागे, आणि वर पोंचल्यावर दुसरी गाडी धरावी लागे.

हा घाट लोखंडी रुळांनीं जिंकण्याची जबाबदारी जेम्स जॉन बर्कले या मुख्य अभियंत्यावर होती. त्याचा जन्म १८१९ सालचा. रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखालीं त्यानें धडे घेतले होते. १८४९ सालीं कंपनीनें त्याची नेमणूक केली आणि पुढच्या वर्षीं तो मुंबईस आला. बोरघाटाचा मार्ग त्यानें असा आंखला, कीं सुमारें १६ मैलांत गाडीनें १,८३१ फूट चढून जावें. त्यासाठीं २५ बोगदे आणि ८ मोठे पूल योजावे लागले. एके ठिकाणीं डोंगराचा कडा इतका उभा, कीं गाडीला वळण घेण्यास जागाच नाहीं. तेथें गाडी एका टोंकावर थांबवून, इंजिन एका बाजूचें काढून दुसऱ्या बाजूस जोडून, उलट दिशेनें चढवीत नेण्याची युक्ति त्यानें योजिली.

योजना बर्कलेची, ती दगडावर उतरविली तीं माणसें वेगळीं. १८६१ सालच्या आरंभीं घाटांत ४२,००० हून अधिक लोक काम करीत होते. कोंकणांतून, देशावरून आणि त्याहूनहि दूरच्या मुलखांतून ते आले होते. कित्येकांचीं बायकामुलेंहि बरोबर होतीं, आणि मातीच्या पाट्या वाहण्याचें काम तीं करीत. कड्याच्या मधोमध सुरुंगासाठीं भोंकें पाडावयाचीं, तर माणसाला दोरानें वरून खालीं सोडावें लागे. तो अधांतरीं लोंबकळत पहार चालवी, दारू ठासली जाई, आणि वात पेटण्यापूर्वीं त्याला वर ओढून घेत. पावसाळ्यांत काम थंडावे, हिवाळ्यांत पुन्हां वस्त्या उठत, आणि त्या गजबजलेल्या वस्त्यांत पटकीची सांथ शिरली म्हणजे माणसें हजारोंनीं मरत.

मजुरीहि वेळेवर हातीं पडेल अशी शाश्वति नव्हती. मुख्य कंत्राटदार, त्याच्या खालीं पोटकंत्राटदार, त्याच्याहि खालीं मुकादम, अशा साखळींतून पैसा खालीं येई. आणि कधीं तो मध्येंच अडकून राही. १८५९ च्या जानेवारींत थकलेल्या मजुरीवरून घाटांत मोठा दंगा झाला. पहिला कंत्राटदार फेव्हिएल यानें त्याच वर्षीं काम सोडलें. त्याच्या जागीं सॉलोमन ट्रेडवेल आला आणि थोड्याच दिवसांत वारला. मग त्याची विधवा पत्नी अलिस हिनें अॅडमसन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांवर देखरेख सोंपवून तें कंत्राट तडीस नेलें. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें घाट खुला झाला. मुंबई आणि पुणें एका अखंड रुळानें जोडलीं गेलीं.

हा सोहळा पाहण्यास बर्कले हयात नव्हता. प्रकृति ढासळल्यामुळें तो १८६१ सालीं मायदेशीं परत गेला, आणि २५ ऑगस्ट १८६२ रोजीं, घाट खुला होण्यापूर्वीं आठ महिने, बेचाळीस वर्षांचा असतां वारला. त्याच्या नांवानें मुंबई विद्यापीठांत एक पारितोषिक ठेवण्यांत आलें. स्थापत्यशास्त्राच्या परीक्षेंत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला तें मिळावयाचें. पुतळा उभारला असता तर लोकांनीं एकदां पाहिला असता आणि पुढें विसरला असता. पारितोषिकाची गोष्ट निराळी. तें दरसाल कोणातरी तरुणाच्या हातीं जातें, आणि त्या तरुणाचें पुढें काय होतें यावरून त्याची किंमत ठरते.

बर्कले पारितोषिकाची किंमत १८८३ सालीं ठरली. पुण्यांत १८५४ सालीं सरकारी बांधकाम खात्याला दुय्यम नोकर पुरविण्यासाठीं एक लहानसा वर्ग निघाला होता. इमारती, रस्ते, कालवे यांवर देखरेख करणारीं माणसें तयार व्हावीं, एवढाच त्याचा हेतु. तोच वाढत वाढत विद्यापीठाशीं जोडलेलें कॉलेज झाला, आणि पुढें ‘कॉलेज ऑफ सायन्स’ या नांवानें प्रसिद्धीस आला. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ति घेऊन एक गरीब घरचा तरुण तेथें शिकावयास आला होता. वडील लहानपणींच वारलेले, शिकवण्या करून बंगलोरास बी. ए. झालेला. एल. सी. ई. च्या परीक्षेंत तो पहिला आला आणि जेम्स बर्कले पारितोषिकाचा मानकरी ठरला. त्याचें नांव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

या यशाला केवळ मानाचें मोल नव्हतें. पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत असिस्टंट एंजिनिअरची जागा मिळण्याची तरतूद होती. १८८४ सालीं विश्वेश्वरय्या नाशिकास रुजू झाले. त्यांनीं खानदेशांत पांझरा नदीच्या पात्राखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या नळाचें अवघड काम पार पाडलें, आणि सिंधमधील सक्कर शहराला शुद्ध पाणी पुरविलें. १९०३ सालीं पुण्याजवळ खडकवासल्याच्या धरणावर त्यांच्या योजनेचे आपोआप उघडणारे दरवाजे बसले. पाणी ठराविक पातळीच्या वर गेलें कीं हे दरवाजे उघडत, आणि पूर ओसरला कीं मिटत. त्यामुळें धरणाची भिंत न वाढवितां अधिक पाणी सांठवितां येऊं लागलें. म्हैसूरच्या दिवाणगिरीपर्यंत ते चढले, आणि १९५५ सालीं ‘भारतरत्न’ झाले. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस आज देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो, आणि महाराष्ट्रांत त्याच निमित्तानें सार्वजनिक बांधकाम खात्यांतील उत्कृष्ट अभियंत्यांना पुरस्कार दिले जातात.

बोरघाट आंखणाऱ्या परकी अभियंत्याच्या स्मरणार्थ ठेवलेलें पारितोषिक एका भारतीय तरुणाला मिळावें, आणि त्या तरुणाच्या जन्मदिवशीं पुढें इतरांचे गौरव व्हावे, अशी ही परंपरा आहे. दिवा दिव्यानें लागत जावा तसा हा मान एका हातांतून दुसऱ्या हातांत गेला आहे. एखाद्या गौरवाचें सार्थक याहून निराळें तें काय असावयाचें? पुरस्काराला शोभेची वस्तु म्हणून हिणविणारांनीं १८८३ सालच्या त्या परीक्षेचा विचार करावा. गुणांची जाहीर पारख झाली नसती, तर वशिला नसलेल्या त्या मुलाला मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्याचें दार सहजासहजीं उघडलें नसतें.

तरी या परंपरेचा एक धागा अजून तुटकाच राहिला आहे. बर्कलेचें नांव राहिलें. फेव्हिएल आणि ट्रेडवेल यांचीं नांवें कंत्राटाच्या कागदांत राहिलीं. दोरानें कड्यावर उतरणाऱ्यांची मात्र संख्याच राहिली. ४२,००० हा आंकडा इतिहासांत येतो तो कामाचा पसारा दाखविण्यासाठीं, जसे बोगदे २५ आणि पूल ८. भारत सरकारनें १९८५ सालीं श्रमरत्न, श्रमभूषण, श्रमवीर आणि श्रमश्री या नांवांचे पुरस्कार सुरू केले, आणि कामगाराचें नांव मानाच्या यादींत आलें, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ज्याचें काम पूल पुरा होतांच संपतें आणि ज्याला दुसऱ्या कामाच्या शोधांत दुसऱ्या जिल्ह्यांत जावें लागतें, त्या बांधकाम-मजुरापर्यंत गौरवाची वाट अजून लांबची आहे. उद्घाटनाच्या शिळेवर उद्घाटकाचें नांव मोठ्या अक्षरांत, अभियंत्याचें लहान अक्षरांत, आणि पाया खणणाऱ्यांचें कोठेंच नाहीं, हा क्रम आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे, कीं त्यांत कांहीं उणें आहे असें वाटतहि नाहीं.

वस्तुतः तें भरून काढण्यास फार कांहीं लागत नाहीं. हजारों नांवें दगडावर मावत नसतील. पण हजेरीपट प्रत्येक कामावर असतोच. तो काम संपल्यावर रद्दींत न घालतां जपून ठेवावा, पुरस्कार देतांना मुख्य मिस्त्री, गवंडी, सुतार आणि बोगद्यांत उतरणारे यांचाहि नांवनिशीवार उल्लेख व्हावा, कामावर ज्यांनीं प्राण गमावले त्यांचीं नांवें त्या जागीं लावावीं. कार्ल्याच्या दारावर सामि सुताराला जेवढी जागा लागली तेवढी आजच्या कोणत्याहि पुलाच्या कठड्यावर सांपडेल.

अंबरनाथच्या देवळाला पाहुणे येतात, शिवरात्रीस मोठी जत्रा भरते. उत्तरेकडच्या दाराखालून जातां जातां कोणी मान वर करून ती झिजत चाललेली तुळई पाहतो. तिच्यावरच्या अक्षरांमुळें राजा कोण, अमात्य कोण, तिथि कोणती हें त्याला कळूं शकतें. त्याच दारांतून आंत जाऊन मंडपाच्या छताखालीं तो उभा राहतो, तेव्हां त्याच्या डोक्यावर दगडांचे ते थर जसे बसविले तसे बसलेले असतात. ज्यांनीं ते बसविले, त्यांच्याविषयीं तुळईवर एक अक्षरहि नाहीं. त्यांची चूक नव्हती एवढें मात्र तें छत इतक्या वर्षांनंतरहि सांगत आहे.